नाव, जागा आणि मजकूर : संकेतस्थळाविषयी वाचकांचे प्रश्न

स्वतःचे किंवा संस्थेचे संकेतस्थळ सुरू करू इच्छिणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहे. पत्रे बरीच लांब होती, म्हणून प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचे सार्वजनिक वाचनालय शंभर वर्षांचे होत आहे. त्यानिमित्त संकेतस्थळ करावे, असे कार्यकारिणीत ठरले. एका व्यावसायिकाने दिलेल्या दरपत्रकात डोमेन, होस्टिंग, एसएसएल, सीएमएस आणि एएमसी अशा पाच रकमा वेगवेगळ्या लावल्या आहेत. यांतले नेमके काय घ्यायचे आणि कशाला नाही म्हणायचे, हे आम्हा कोणालाच उमगत नाही. (कार्यवाह, सातारा जिल्हा)

उत्तर : दरपत्रकात ओळी पाच असल्या तरी मुळात गोष्टी तीनच आहेत : नाव, जागा आणि मजकूर. तुमच्याच दैनंदिन व्यवहारातले उदाहरण घ्यायचे तर डोमेन म्हणजे ग्रंथतालिकेतील नोंद, होस्टिंग म्हणजे कपाट आणि मजकूर म्हणजे प्रत्यक्ष पुस्तक. पुस्तक एका कपाटातून दुसऱ्यात हलवले, तर तालिकेतील नोंद बदलावी लागते. वाचक मात्र ते पूर्वीच्याच नावाने मागतो. या तिन्ही गोष्टी एकाच व्यावसायिकाकडून घेतल्या तरी त्या वेगळ्याच राहतात, आणि हे एकदा ध्यानात आले की दरपत्रक वाचणे सोपे जाते.

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी, नोंदवता येते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करावे लागते. नावांच्या जागतिक व्यवस्थेचे समन्वयन १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘आयकॅन’ ही संस्था करते. शेवटी ‘डॉट इन’ असलेली नावे आपल्याकडे ‘निक्सी’, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सांभाळते. सामान्य ग्राहकाचा व्यवहार होतो तो मान्यताप्राप्त रजिस्ट्रार कंपनीशी. दरपत्रकातील हीच ओळ मी लाल शाईने अधोरेखित करीन, कारण बहुतेक वाद याच ओळीवरून होतात. व्यावसायिक घाईघाईत नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. चार वर्षांनी त्याचा धंदा बंद पडतो किंवा संस्थेशी त्याचे बिनसते, आणि संस्थेला स्वतःचेच नाव परत मिळवण्यासाठी त्याच्या मागे फिरावे लागते. म्हणून नोंदणी वाचनालयाच्या नावाने करा, खात्याला वाचनालयाचा ईमेल द्या (कार्यवाहांचा वैयक्तिक नव्हे, कारण कार्यवाह बदलतात), पासवर्ड लिफाफ्यात घालून दप्तरात ठेवा आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्तात नोंदवा. ‘डॉट कॉम’सारख्या नावाची मुदत टळली, तर काही दिवसांची सवलत कंपनीनुसार मिळते, पुढचे ३० दिवस जादा शुल्क भरून नाव सोडवता येते आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही नोंदवण्यास खुले होते.

होस्टिंग म्हणजे संकेतस्थळाच्या फाइल ज्या संगणकावर अहोरात्र उपलब्ध असतात, त्या सर्व्हरवरील भाड्याची जागा. रोज काही शे वाचक येणार असतील, तर अनेक संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर ठेवणारे, सर्वांत स्वस्त सामाईक होस्टिंग वाचनालयाला पुरेसे आहे.

एसएसएल हे प्रमाणपत्र असले की पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ येते आणि वाचक व सर्व्हर यांच्यामधील माहिती सांकेतिक रूपात जाते, त्यामुळे ती वाटेत कोणाला वाचता येत नाही किंवा बदलता येत नाही. २०१८ पासून क्रोम हा ब्राउझर हे नसलेल्या संकेतस्थळापुढे ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवतो, तेव्हा ते हवेच. मात्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा असे प्रमाणपत्र विनामूल्य देते, आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात व त्याचे नूतनीकरणही करतात. त्यासाठी वेगळी मोठी रक्कम लावली असेल, तर ती का, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणखी एक गोष्ट सभासदांना आवर्जून सांगावी : हे प्रमाणपत्र वाट सुरक्षित असल्याचे सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याचे नव्हे. फसवणूक करणाऱ्या संकेतस्थळांकडेही ते असते.

सीएमएस म्हणजे संकेतस्थळाच्या आतून मजकूर लिहिण्याची, बदलण्याची आणि रचण्याची व्यवस्था. २००३ मध्ये सुरू झालेले वर्डप्रेस हे त्यातले सर्वाधिक वापरले जाणारे सॉफ्टवेअर. ते मुक्त आणि विनामूल्य आहे. ते बसवण्याची, सजवण्याची आणि तुमच्या माणसांना शिकवण्याची मजुरी घेणे रास्त आहे, ‘सॉफ्टवेअरची किंमत’ घेणे नाही. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल, ही ओळ घेण्यासारखी आहे. पण तिच्यात सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे आणि दर महिन्याला संपूर्ण संकेतस्थळाची प्रत वाचनालयाच्या हार्ड डिस्कवर देणे, ही दोन कामे लेखी असली तरच.

प्रश्न : इंटरनेट, वेब, ब्राउझर आणि गूगल हे चार शब्द मी एकाच अर्थाने वापरते म्हणून नातू हसतो. फरक समजावून सांगाल का? (निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : इंटरनेट हे जगभरच्या संगणकांना जोडणारे जाळे आहे. आज या जाळ्यातले संगणक ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, ते नियम त्याच्या पूर्वसुरी ‘अर्पानेट’वर १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले. या जाळ्यावरून ईमेल जाते, फोन होतात, चित्रपट येतात. वेब ही याच जाळ्यावर चालणारी एक सेवा आहे : दुव्यांनी परस्परांशी जोडलेल्या पानांची. तिची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुले केले. तो निर्णय झाला नसता, तर आज प्रत्येक पानामागे कोणाला तरी परवाना शुल्क द्यावे लागले असते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, म्हणजे आपल्याकडे दोन्ही एकदमच आले. एकच शब्द दोहोंना लावण्याची सवय त्यातूनच लागली असावी. नातवाला हेही सांगावे.

ब्राउझर हे पान आणून तुमच्या पडद्यावर दाखवणारे सॉफ्टवेअर आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही त्याची उदाहरणे. गूगल हे मुख्यतः शोधयंत्र : ते वेबवरील पाने आधीच वाचून त्यांची सूची करून ठेवते आणि तुम्ही विचारल्यावर त्या सूचीतून उत्तर काढते. म्हणूनच नवे संकेतस्थळ पहिल्या दिवशी गूगलवर दिसत नाही म्हणून घाबरू नये. ते वेबवर असते, फक्त सूचीत यायचे असते.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या जुन्या फाइल संगणकावर आहेत. त्यातील कथा संकेतस्थळावर चिकटवली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. सगळे पुन्हा टंकलिखित करावे लागेल काय? नाहीतर अंकाची पीडीएफच चढवावी, असे काहींचे म्हणणे आहे. (संपादक, ठाणे)

उत्तर : पुन्हा टंकलेखन करावे लागणार नाही, पण काम थोडेथोडके नाही. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या संचांतील जुन्या फॉन्टमध्ये संगणक मराठी अक्षर साठवतच नव्हता. तो साठवत होता एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या क्रमांकाच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवत असे : कुठे काना, कुठे अर्धा ‘क’, कुठे रफार. छापखान्यासाठी हे पुरेसे होते, कारण कागदावर आकारच उमटायचा होता. वाचकाच्या फोनमध्ये मात्र तो फॉन्ट नसतो, त्यामुळे आत दडलेले इंग्रजी उघडे पडते.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि फॉन्ट कोणताही असला तरी तो क्रमांक ‘क’चाच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. मात्र प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी असल्यामुळे तुमचा फॉन्ट कोणता, हे आधी निश्चित करावे लागते. परिवर्तनानंतर मुद्रितशोधन टाळू नका, आणि नजर विशेषतः दोन ठिकाणी ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असे, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचे नेमके उलटे आहे. जोडाक्षरांमध्ये या दोन्ही चिन्हांच्या अदलाबदलीत परिवर्तक हमखास अडखळतो.

मराठीच्या खास अशा दोन गोष्टी हिंदीसाठी बनवलेली साधने विसरतात. ‘सुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ अनेकदा ‘र्य’ होऊन बसतो आणि ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ होतो. असे शब्द शोधून बदलावे लागतात. दुसरी गोष्ट ‘ॲ’ची. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधी, आणि काही कळफलकांवर अजूनही, ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसते, पण संगणकाच्या लेखी एक अक्षर एका चिन्हाचे आहे आणि दुसरे दोन चिन्हांचे. म्हणून एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच, याची हमी नसते. संपूर्ण संकेतस्थळावर एकच पद्धत ठेवावी, आणि ती स्वतंत्र ‘ॲ’ची असावी, असे माझे मत आहे.

पानाच्या संहितेत भाषेची नोंद करण्याची सोय असते आणि मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे ठरलेली आहेत. बांधणी करणाऱ्याला ती लिहायला सांगा. काही चांगले फॉन्ट ही नोंद पाहून ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात, जी वळणे महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयानेही स्वीकारलेली आहेत; शिवाय दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर योग्य उच्चार निवडते. फॉन्ट वाचकाच्या यंत्रात असण्याची आता गरज उरलेली नाही, कारण तो पानासोबत पाठवता येतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ आणि गूगलचा ‘नोटो’ हे दोन्ही देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत.

पीडीएफ जरूर ठेवा, पण जोडीला. पीडीएफ म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रत. सहा इंची पडद्यावर दोन स्तंभांचे पान वाचताना वाचक बोटांनी ते सारखे मागेपुढे सरकवत राहतो आणि दुसऱ्या पानावर कंटाळतो. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ दिसायला मराठी असली तरी आतून तोच गुंता असते, म्हणून शोधयंत्राला तिच्यातले अवाक्षर कळत नाही. छापील पानांचे छायाचित्र घेऊन केलेली पीडीएफ तर नुसते चित्रच; तिच्यातून मजकूर काढायला ओसीआर ही अक्षर ओळखणारी प्रक्रिया लागते आणि पुन्हा मुद्रितशोधन आलेच.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळाचे दुवे व्हॉट्सॲपवर पाठवले की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक रांग होते. शिवाय गेल्या वर्षी रचना बदलल्यापासून जुने दुवे उघडले की ‘४०४’ असे दिसते. (एका सांस्कृतिक संस्थेच्या कार्यकर्त्या, मडगाव)

उत्तर : पत्त्याचे, ज्याला यूआरएल म्हणतात त्याचे, ढोबळ तीन भाग असतात : आरंभी ‘एचटीटीपीएस’ ही पद्धत, मग डोमेन आणि त्यापुढे तिरप्या रेघांनी तोडलेला, विशिष्ट पानापर्यंत नेणारा मार्ग. या पत्त्यात मूळ नियमांनुसार रोमन अक्षरे, अंक आणि काही मोजकी चिन्हेच चालतात. तुमच्या पानाचे शीर्षक मराठीत असेल आणि तेच मार्गात आले असेल, तर त्याचे रूपांतर होते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह वेबवर तीन बाइटचे (बाइट म्हणजे संगणकातील साठवणीचे छोटे एकक) असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाच्या नऊ खुणा. ‘मराठी’ या शब्दात काना-वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत. त्याच्या ४५ खुणा होतात. ब्राउझर पट्टीत हे पुन्हा देवनागरीत दाखवतो, म्हणून लिहिणाऱ्याला काही जाणवत नाही. नकल करून दुसरीकडे चिकटवले की खरे रूप दिसते. दुवा त्यामुळे बिघडलेला नसतो, तो चालतो. तरीही निरोपातून, पोस्टरवरून दुवा जाणार असेल, तर मार्गाचा भाग दोन-तीन शब्दांत आणि रोमन लिपीत ठेवणे सोयीचे आहे. मराठीच्या अभिमानाला त्याने बाधा येत नाही. अभिमान पानावर दिसू द्यावा.

डोमेनच्या भागाची गोष्ट निराळी आहे. २०१४ पासून ‘.भारत’ ही देवनागरी शेपटी उपलब्ध आहे आणि मराठी व कोकणीतही नाव नोंदवता येते. आतून त्याचेही ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरमालेत रूपांतर होते, पण ते तुलनेने आटोपशीर असते. देवनागरी ईमेल पत्ते अजून सगळीकडे स्वीकारले जात नाहीत, म्हणून असे नाव घेतले तरी सोबत एक रोमन नावही ठेवा.

४०४ हा सर्व्हरने ब्राउझरला दिलेल्या उत्तराचा क्रमांक आहे : तुमची मागणी पोहोचली, पण या पत्त्यावर पान नाही. संकेतस्थळ बंद पडले, असा त्याचा अर्थ नाही. सर्व्हरमध्येच काही बिघडले, तर ५०० च्या घरातला क्रमांक येतो. तुम्ही पाने हलवली, मात्र जुन्या पत्त्यावर नवा पत्ता लिहून ठेवला नाही. ही सूचना ३०१ या क्रमांकाने दिली जाते. ती लावली की जुना दुवा दाबणारा वाचक आपोआप नव्या पानावर जातो आणि शोधयंत्रही आपली सूची सुधारते. वर्डप्रेसमध्ये यासाठी तयार जोडणी मिळते. वर्तमानपत्रांनी, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनी, विकिपीडियाने तुमच्या ज्या पानांचे दुवे दिले असतील, तेथून आधी सुरुवात करा.

प्रश्न : एचटीएमएल शिकल्याशिवाय संकेतस्थळ करता येते का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : येते, पण थोडेसे शिकलेले बरे. एचटीएमएल ही पानाची संरचना सांगणारी खूणभाषा आहे : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, हे चित्र. दिसणे, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार आणि समास, सीएसएसकडे असते. तिची कल्पना होकॉन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये मांडली. पानावर काही घडायचे असेल, जसे अर्ज तपासणे किंवा यादी उघडणे-मिटणे, तर जावास्क्रिप्ट लागते. तिचे पहिले रूप ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत लिहिले, आणि त्या घाईच्या काही खुणा तिच्यात अजून आहेत.

तुमच्या वयात मी सांगेन की वर्डप्रेसकडे वळण्यापूर्वी साध्या नोटपॅडमध्ये एक पान स्वतः लिहा, त्याला ‘इंडेक्स’ हे नाव द्या (पत्त्यात पानाचे नाव नसेल, तर सर्व्हर सहसा याच नावाची फाइल दाखवतो) आणि ते विनामूल्य जागा देणाऱ्या ‘गिटहब पेजेस’सारख्या सेवेवर ठेवा. अशा तयार फाइल जशाच्या तशा देणाऱ्या संकेतस्थळाला स्थिर म्हणतात. वर्डप्रेस मात्र मजकूर माहितीसंचात ठेवून मागणी आल्यावर पान रचते. स्थिर संकेतस्थळ स्वस्त, जलद आणि फोडायला अवघड असते. फाइल सर्व्हरवर चढवण्याची एफटीपी ही जुनी पद्धत आयआयटी कानपूरचे पदवीधर अभय भूषण यांनी १९७१ मध्ये लिहिली. तिच्यात पासवर्ड उघडा जात असल्याने आता एसएफटीपी ही तिची सुरक्षित बहीण वापरावी.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली आहेत. भारतातल्या नातेवाइकांना ते पान उघडायला फार वेळ लागतो. सर्व्हर बदलावा का? (मराठी मंडळाच्या सदस्या, न्यू जर्सी)

उत्तर : सर्व्हरआधी छायाचित्रे पाहा. फोनने काढलेले १२ मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ४००० पिक्सेल रुंद आणि तीन-चार मेगाबाइटचे असते. अशी चाळीस छायाचित्रे एका पानावर ठेवली, तर नातेवाइकांना दीडशे मेगाबाइटच्या आसपास उतरवून घ्यावे लागतात, आणि तेही ज्या पडद्यावर यातले बहुतेक पिक्सेल दिसणारच नाहीत अशा पडद्यासाठी. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून जेपेग किंवा वेबपी या प्रकारात साठवले, तर एक चित्र दोनशे किलोबाइटच्या आत बसते आणि सगळे पान आठ मेगाबाइटच्या. मूळ छायाचित्रे अर्थातच मंडळाकडे जपून ठेवा.

अंतराचाही परिणाम होतो, कारण अमेरिकेतील सर्व्हर आणि मुंबई यांच्यामधील प्रश्नोत्तराच्या एका फेरीला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो आणि एका पानासाठी अशा अनेक फेऱ्या होतात. सीडीएन ही सेवा तुमच्या फाइलच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवून जवळच्या सर्व्हरवरून देते. छोट्या संकेतस्थळांना ती विनामूल्यही मिळते. ती लावल्यावर, किंवा एरवीही, बदललेले छायाचित्र काही काळ जुनेच दिसले, तर तो कॅशचा, म्हणजे तात्पुरत्या साठ्याचा, परिणाम असतो.

प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर द्या : दृष्टिहीन वाचकाला तोच ऐकू येतो आणि चित्र उतरले नाही तर तोच दिसतो. आणि विचारले नसले तरी सांगतो, फोनच्या छायाचित्रात ते कोठे काढले याचे अक्षांश-रेखांश लपलेले असू शकतात. घरगुती आरतीची छायाचित्रे चढवण्यापूर्वी ती नोंद काढून टाका, आणि मुलांच्या छायाचित्रांसाठी पालकांना विचारा.

प्रश्न : जुन्या लेखकांचे साहित्य आणि गूगलवर मिळालेली चित्रे माझ्या संकेतस्थळावर वापरली तर चालतील का? (वाचक, पुणे)

उत्तर : गूगलवर दिसणे म्हणजे परवानगी नव्हे, चित्र मूळ कोणाचे आहे, ते पाहून त्याला विचारावे लागते. साहित्याबाबत १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले आहे. संतसाहित्य खुलेच आहे. पण एखाद्या अभ्यासकाने अलीकडे लिहिलेला त्याचा अर्थ, टीपा किंवा प्रस्तावना त्याच्या मालकीची असते. खुल्या परवान्याची चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात. तेथेही प्रत्येक चित्राखालचा परवाना वाचा, कारण बहुतेकांत कर्त्याचे नाव देण्याची अट असते.

प्रश्न : मी दहा वर्षे फेसबुकवर स्थानिक इतिहासाविषयी लिहितो. वाचकही पुष्कळ आहेत. मला वेगळ्या संकेतस्थळाची काय गरज? (लेखक, अहिल्यानगर)

उत्तर : वाचक जेथे आहेत तेथे लिहिणे थांबवू नका. पण पहिल्या उत्तरातील तीन गोष्टी तुमच्या बाबतीत तपासून पाहा : नाव फेसबुकचे, जागा फेसबुकची, आणि मजकूर तुमचा असला तरी त्याची एकमेव प्रत फेसबुककडे. याहूची जिओसिटीज ही सेवा, जिच्यावर लाखो लोकांनी आपली पहिली पाने बांधली होती, ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. दोन्ही वेळा पूर्वसूचना दिली होती. ज्यांनी ती वाचली नाही, त्यांचे लिहिलेले गेले. शिवाय दहा वर्षांपूर्वीची नोंद फेसबुकवर शोधून पाहा. स्थानिक इतिहासाला संदर्भ म्हणून पुन्हा पुन्हा सापडण्याची गरज असते आणि वरून खाली वाहत जाणाऱ्या मांडणीत नेमके तेच होत नाही.

फेसबुकच्या सेटिंगमध्ये तुमची सर्व माहिती उतरवून घेण्याची सोय आहे. आजच ती प्रत घ्या. मग निवडक लेख ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर, स्वतः नोंदवलेल्या नावाखाली, विषयवार मांडा. ‘पान’ आणि ‘नोंद’ असे दोन प्रकार तेथे दिसतील : न बदलणारा मजकूर, जसे तुमचा परिचय किंवा ग्रंथसूची, पानावर ठेवावा, तारखेनुसार येणारे लेख नोंदींमध्ये. फीड नावाची सोय सुरू ठेवली, तर ज्या वाचकांना हवे त्यांना नवा लेख आपोआप कळतो. एकेक लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याचा पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’ला द्या. १९९६ मध्ये स्थापन झालेली ही ना-नफा संस्था पानाची तारीखवार प्रत ठेवते. मात्र फेसबुकसारख्या लॉगिनमागच्या पानांपर्यंत तिला सहसा पोहोचता येत नाही.

प्रश्न : आमच्या छापील अंकाला आयएसएसएन आहे. संकेतस्थळावरच्या आवृत्तीला तोच चालेल का? (वर उल्लेख केलेले ठाण्याचेच संपादक)

उत्तर : नाही. हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाच्या प्रत्येक माध्यमाला वेगळा दिला जातो, म्हणून ऑनलाइन आवृत्तीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागेल. भारतात तो नवी दिल्ली येथील राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून मिळतो आणि त्यासाठी शुल्क पडत नाही. मध्यस्थ पैसे मागत असेल, तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.